थोरलीला शिंगं नव्हती

“शिंगं कुणी लावली हिला?”

मी विचारलं तेव्हा अनिरुद्ध खुर्च्या मांडत होता. नागपुरात धरमपेठेतल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल आम्ही त्या रविवारी सकाळपुरता मागून घेतला होता. कूलर घरघरत होता. टेबलावर फासे होते, नकाशाचा मोठा कागद होता आणि पुण्याहून आलेली आमच्या पुस्तकाची नमुना प्रत होती. मी ती हौसेने उचलली, मधलंच पान उघडलं आणि आमच्या खेळातलं लांब मानेचं जनावर, थोरली, समोर आली. डोक्यावर दोन शिंगं, जबड्यात सुळे, सुळ्यांवरून रक्त ओघळतंय. खाली जाड अक्षरांत नाव छापलं होतं, रक्तशृंगी.

“ते नंतर बघ ना उमे,” अनिरुद्ध म्हणाला. “घैसास साहेब येऊनच राहिले.”

“अन्या, ही गवत खाते.”

“गेममध्ये कोण गवत खाते बे? लोकांना भीती नको वाटायला?”

इतकी वर्षं हा माणूस दर रविवारी माझ्या शेजारी बसून तिला गवत खाताना बघत होता.

आमचे रविवार काय होते ते सांगायला हवं. खामल्याला अनिरुद्ध पांढरीपांडेच्या घरी आम्ही जमायचो आणि एक खेळ खेळायचो. त्यात पडदा नाही, बटणं नाहीत. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगायला लागतो: तुम्ही जंगलात आहात, समोर नदी आहे. बाकीचे एकेक माणूस होतात. कुणी शिकारी, कुणी वैदू, कुणी भुरटा चोर. आपापल्या माणसाने काय केलं ते प्रत्येकाने बोलायचं, जमलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. खेळाची पुस्तकं परदेशातून यायची आणि त्यातले राक्षस बर्फात राहायचे. एकदा तबस्सुम वैतागून म्हणाली, “हे केसाळ लोक आपल्या मे महिन्यात टिकतील का? इथलं काहीतरी आणा ना बाप्पा!” तबस्सुम माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि खेळातही वैदूच व्हायची.

इथलं आणायचं काम माझ्याकडे आलं. मी भूगर्भशास्त्र शिकले होते आणि एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होते. चंद्रपूरकडच्या शेतांमधून लांब मानेच्या अजस्र डायनोसॉरांची हाडं निघतात. त्याच भागात शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात, आणि त्यात गवताच्या खुणा मिळतात. असला एक गोळा मी पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला एमएस्सीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला होता. माझी आई म्हणाली, पोरगी शेण बघून रडते, हिचं लग्न कसं व्हायचं.

तर मी हाडांवरून प्राणी केले. एका घरट्यात, अंड्यांना वेटोळं घालून बसलेला साप दगड होऊन सापडला आहे, त्याचा मी ‘वळसा’ केला. आखूड हातांचा मांसखाऊ, त्याचा ‘लांडा’ केला. सगळ्यात मोठी ती थोरली. प्रत्येक प्राण्याचं एक पान, आणि पानाची पहिली ओळ ठरलेली: आज याला काय हवंय. लांड्याला कधी भूक असेल, कधी त्याला नुसतं उन्हात पडायचं असेल. सूत्रधाराने ती ओळ आधी वाचायची आणि मगच प्राण्याला टेबलावर आणायचं. दर खेळाआधी ही ओळ मी नव्याने लिहायचे, आणि सूत्रधार सोडून कुणाला सांगायचे नाही. खेळणाऱ्यांनी प्राण्याकडे बघून ओळखायचं. नाही ओळखलं तर मरायचं. मला त्या खेळात जी काही मजा होती ती एवढीच होती.

त्यांचं पुस्तक करायचं ही कल्पना अनिरुद्धची. टाइपही त्यानेच केलं, प्रकाशकही त्यानेच शोधला, आणि मी त्याचं कौतुक करत फिरले. मला पुस्तकातून पैसा-बिसा नको होता. माझे प्राणी माझ्या नावाने छापले जावेत, एवढं एकच मला हवं होतं. आईच्या हातात ते पुस्तक ठेवायचं होतं.

आता मी प्रत मिटून पाहिली. कव्हरवर, रक्ताच्या थेंबांखाली: लेखन आणि संकल्पना, अनिरुद्ध पांढरीपांडे. आत पहिल्या पानावर, मधल्या पानावर, शेवटच्या पानावर मी माझं नाव शोधलं. ते आभारांत मिळालं. अनिरुद्धचे आईवडील, त्याचे गुरुजी, त्याच्या कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला, आणि सगळ्यांत शेवटी, ‘रविवारच्या चहा-पोह्यांसाठी उमा देवतळे’.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर पोहे त्याची आई करायची.

“हे काय आहे?”

“नाव आहे ना तुझं,” तो म्हणाला. “उमे, समजून घे. मी लिहिलं, मी बसलो रात्र-रात्र. प्राणी काय तू बनवले? ते तं जमिनीतून निघाले.”

“जमिनीतून हाडं निघाली. ती चालते कशी, थांबते कुठे, वाटेत कोण आलं तर काय करते, हे दगडावर लिहून ठेवलं होतं का कुणी?”

“आवाज कमी कर. ते जिन्यात असतील.”

“आणि पहिली ओळ? ती कुठे गेली? एकाही पानावर नाही.”

“फालतू वाटत होती ती. प्राणी आला, मारला, पुढे गेले. हवंय-बिवंय कोण वाचते?”

मी पिशवी उचलली. माझी पावलं दाराकडे वळली होती, पण तबस्सुमने दंड धरून मला खुर्चीत बसवलं. तिने प्रत माझ्या हातातून घेतली, थोरलीचं पान खालपर्यंत वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला.

“थांब जरा,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “याने आकडे तसेच ठेवलेत. बघ तं काय होते.”

तेवढ्यात घैसास आले. पुण्याचे प्रकाशक, पन्नाशी ओलांडलेले, मुलांची पुस्तकं काढण्यात हयात गेलेली. रात्रीच्या गाडीने आले होते तरी शर्टाची इस्त्री जागच्या जागी. “हा खेळ मला कळत नाही बरं का,” ते बसता बसता म्हणाले. “पण जे आपल्याला कळत नाही ते छापू नये, असं माझं मत आहे. तेव्हा मी स्वतः खेळणार. चालेल ना?”

अनिरुद्ध खूश झाला. तो सूत्रधाराच्या खुर्चीत बसला. खेळायला घैसास, तबस्सुम आणि मी. माझी ओळख त्याने “आमची एक मैत्रीण” अशी करून दिली.

घैसासांनी शिकारी निवडला. त्याचं नाव काय ठेवायचं यावर त्यांनी डोळे मिटून विचार केला. “धोंडजी,” ते म्हणाले. “एका डोळ्याने अधू. पण नेम पक्का. आणि बायकोला सांगून आलाय की संध्याकाळपर्यंत परततो.” कुणी मागितलं नसताना माणूस स्वतःच्या शिकाऱ्याला बायको देतो, तेव्हा तो खेळात शिरलेला असतो. मला ते आवडले, आणि आवडले म्हणून आणखीच राग आला.

“जंगल दाट आहे,” अनिरुद्धने आवाज लावला. “अचानक झाडं मोडतात. समोर रक्तशृंगी! डोळे लाल, तोंडातून लाळ!”

“धोंडजी बाण सोडतो,” घैसास म्हणाले आणि फासा टाकला. उत्तम पडला. त्यांनी टाळी वाजवली.

“बाण लागला,” अनिरुद्ध म्हणाला. पानावर बघितलं. पुन्हा बघितलं. “पण... तिला काही विशेष झालं नाही. आता ती शिंगं मारते.” त्याने फासा टाकला, बेरीज केली आणि ती पुन्हा करून पाहिली.

“काय झालं?” घैसासांनी विचारलं.

“धोंडजी मेला.”

“मेला? अहो, आत्ता तर नाव ठेवलं त्याचं!”

“वैदू त्याला वाचवायला धावते,” तबस्सुम गोड आवाजात म्हणाली. पुढच्या फाशाला वैदूही मेली. मग माझी चोर मेली. खेळ सुरू होऊन कूलरचं पाणीसुद्धा संपलं नव्हतं आणि टेबलावर जिवंत असं कुणी उरलं नाही.

प्रकार असा होता. प्रत्येक प्राण्यात किती जीव आहे याचा एक आकडा असतो. घाव बसले की तो कमी होतो, संपला की प्राणी मेला. थोरलीचा आकडा मी मुद्दाम डोंगराएवढा ठेवला होता, कारण तिला मारायच्या फंदात कुणी पडूच नये. तिच्या पायाखाली सापडलात तर मेलात, म्हणून पायाचा आकडाही तसलाच. पण तिला हल्ला करायची इच्छा मी दिलीच नव्हती. ती चालते, एवढंच. अनिरुद्धने पायाचा आकडा उचलून शिंगांना लावला, तिला चिडकी केली आणि जीव तेवढाच ठेवला. त्याच्या पुस्तकातल्या त्या पानाशी जो येईल तो मरणार होता, दर वेळी, पहिल्याच झटक्याला. वर्षानुवर्षं सूत्रधारी केलेल्या माणसाला हे दिसलं नाही, कारण त्याने ते पान कधी खेळूनच पाहिलं नव्हतं. नुसतं रंगवलं होतं.

“हे असंच असतं का?” घैसासांनी चष्मा काढला. ते खरोखर दुखावले होते. “मुलं पैसे देऊन घेणार आणि पहिल्या पानाला मरणार?”

“नाही नाही, ते जरा...” अनिरुद्धने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. “उमे, काहीतरी कर ना,” तो पुटपुटला.

“चहा आणू?” मी मोठ्याने विचारलं.

तबस्सुमला ठसका लागला. घैसास माझ्याकडे, मग तिच्याकडे बघायला लागले. “काय प्रकार आहे हा?”

“साहेब,” तबस्सुम म्हणाली, “हे सगळे प्राणी हिचे आहेत. एकूण एक. या जनावराचं नाव थोरली आहे, आणि तिला शिंगं नाहीत.”

“तसं नाही सर,” अनिरुद्ध घाईने म्हणाला. “शास्त्रीय माहिती हिने पुरवली, ती तं पुस्तकांतही मिळते. लेखन माझं आहे.”

घैसासांनी हात वर केला. “ते आपण मागाहून बघू. बाई, तुम्हाला ही चालवून दाखवता येईल?”

मला उठून जाता आलं असतं. पण थोरलीला त्या अवतारात, लाळ गाळत, त्या टेबलावर सोडून जाणं माझ्याने झालं नाही. मी अनिरुद्धच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. तो उठला. मी पिशवीतून चिठोरं काढलं, आजची ओळ लिहिली आणि घडी करून मुठीत धरली.

“धोंडजी जिवंत आहे,” मी म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून. ऊन कलतंय. तुम्ही एका माळावर आहात. झाडं नाहीत. पायाखाली माती भुसभुशीत लागते.”

“का?” घैसासांनी विचारलं.

“तुम्हीच बघा.”

“धोंडजी वाकून माती उकरतो.”

“खाली गोल अंडी आहेत. नारळापेक्षा थोडी लहान. बाजूला आणखी एक उंचवटा. त्याच्या पलीकडे आणखी एक. अख्खा माळ अंड्यांनी भरलाय. तुम्ही मधोमध उभे आहात.”

घैसासांनी नकळत पाय खुर्चीखाली घेतले.

“एका घरट्यात काहीतरी हललं. अंडं तडकलंय, आतून एक डोकं बाहेर येतंय. आणि त्या अंड्याभोवती वळसा आहे. साप. धोंडजीच्या मांडीएवढा जाड. तो पिल्लू पूर्ण बाहेर यायची वाट बघतोय.”

“मारतो!” घैसास म्हणाले. मग थांबले. “नाही. बाण अंड्याला लागेल.” त्यांनी तबस्सुमकडे पाहिलं. “वैदूबाई, तुमच्याकडे काही आहे का? धूर वगैरे?”

दोघं कामाला लागली. ओला पाला, गारगोटी, धूर. फासा एकदा फसला, धोंडजीला शेपटीचा तडाखा बसला. दुसऱ्यांदा साप सरपटत निघून गेला. घैसास उभे राहिले होते. पिल्लू कोंबडीएवढं होतं आणि धोंडजीच्या पायाशी येऊन बसलं होतं, असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, “धोंडजी त्याला पागोट्यात गुंडाळतो.”

“आता जमीन हलते,” मी म्हणाले.

घैसासांनी टेबलाची कड धरली.

“लांबवर मान दिसते. मग दुसरी. कळप येतोय, आणि सगळ्यांत पुढे थोरली आहे. तिला राग आलेला नाही. तिला घाई नाही. तिचं डोकं इतकं उंच आहे की खाली कोण उभं आहे हे तिला दिसतही नाही. ती सरळ या माळाकडे चालत येतेय. पायाखाली अंडी आहेत, आणि तुम्ही आहात.”

“पळालो तर?”

“अंडी फुटतील. पिल्लू राहील.”

“ओरडलो तर?”

“ती ऐकते का, ते तुम्हाला माहीत नाही.”

घैसास खाली बसले. घाम पुसला. “थांबा,” ते म्हणाले. “विचार करू द्या. तिला नक्की काय हवंय?”

“तेच ओळखायचं असतं.”

ते एकदम हसले. “अहो, हे विलक्षण आहे! हे छापायचं. पांढरीपांडे, हे असं छापायचं, शिंगं काढा.” ते कामाच्या आवाजात बोलायला लागले. “बाई, तुम्ही सगळी पानं पुन्हा तयार करून द्या. ती पहिली ओळ घाला. हे साहेब भाषा बघतील.”

“आणि नाव?” मी विचारलं.

“तेच सांगतो. कव्हरवर यांचंच राहू दे. गैरसमज नको, माझं काही म्हणणं नाही. पण असली पुस्तकं मुलगे घेतात, आणि लढाईच्या पुस्तकावर बाईचं नाव दिसलं की दुकानदार ते स्वयंपाकाच्या शेजारी ठेवतो. तीस वर्षं बघतोय मी. तुमचं नाव आत घालू, ‘विशेष साहाय्य’. आभारांत नव्हे हं, स्वतंत्र पानावर.”

अनिरुद्धने लगेच मान हलवली. “बघ, स्वतंत्र पान!”

मी दोघांकडे पाहिलं. त्या घटकेला मला अनिरुद्धपेक्षा घैसासांचा जास्त संताप आला. अनिरुद्धने चोरी केली होती, आणि चोराला निदान माहीत असतं की वस्तू कुणाची आहे. या गृहस्थांनी डोळ्यांदेखत बघितलं होतं, घाम फुटेपर्यंत बघितलं होतं, आणि तरी अत्यंत सभ्यपणे ते मला आतल्या पानावर बसवत होते.

“नाही,” मी म्हणाले. “माझं नाव कव्हरवर, नाहीतर माझे प्राणी पुस्तकात नाहीत.”

“अहो, मग पुस्तकात उरतं काय?”

“शिंगं.”

“उमे, इतक्या वर्षांची मेहनत आहे!” अनिरुद्ध ओरडला. “तू काहून अशी करून राहिली? पुस्तकच निघणार नाही ना बे!”

“नको निघू दे.”

“तुझ्याच प्राण्यांचं वाटोळं करून राहिली तू!”

“एकदा मेलेत ते. आता तुझ्या नावाने पुन्हा मेले नाहीत तरी चालेल.”

मी फासे पिशवीत टाकले. ते माझे होते. मुठीतलं चिठोरंही टाकलं. तबस्सुम उठली. आम्ही दारापर्यंत गेलो असू तेव्हा मागून घैसासांचा आवाज आला.

“बाई, एक मिनिट.” ते खुर्चीतून अर्धवट उठले होते. आवाजात प्रकाशक उरला नव्हता. “व्यवहार राहिला बाजूला. धोंडजीचं काय झालं? थोरली येतेय, तो तिथे उभा आहे, पिल्लू पागोट्यात आहे. मी गाडीत बसून कशाचा विचार करू? तिला काय हवं होतं तेवढं सांगा.”

“ज्यांचं नाव कव्हरवर आहे, त्यांना विचारा.”

घैसास खरंच वळले. भाबडेपणाने, शाळेतल्या पोराने मास्तरांकडे बघावं तसे ते अनिरुद्धकडे बघायला लागले. अनिरुद्धने प्रत उचलली. पान उघडलं, मागे गेला, पुढे गेला. आम्ही जिना उतरलो तोवर वरून नुसता पानं उलटल्याचा आवाज येत होता.

पुस्तक निघालं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. अनिरुद्धने पुढे तबस्सुमच्या मार्फत मला दोनदा निरोप पाठवला. मला वाटलं माफी असेल. दोन्ही वेळा त्याला विचारायचं होतं की त्या दिवशी चिठोऱ्यावर काय लिहिलं होतं, कारण घैसास अजून फोन करतात. मी उत्तर दिलं नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

या गोष्टीवर मात्र नाव माझं आहे, म्हणून सांगून टाकते. थोरलीला तहान लागली होती. माळाच्या अलीकडेच ती डावीकडे वळून नदीवर गेली असती, आणि धोंडजी संध्याकाळी घरी पोचला असता.